वाढप्याचा खुबा

"पालथी मारके आखरी बार कब बैठे थे?"

एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावता लावता डॉक्टरांनी विचारलं. मी आठवायला लागलो. घरी जेवायला टेबल आहे. ऑफिसात खुर्ची, नवा रायपूरला जायच्या बसमध्ये सीट. काही केल्या मांडी आठवेना. शेजारी बसलेली माझी बायको वैशाली म्हणाली, "पिछले महिने पूजा में बैठना था, नहीं बैठ पाए." डॉक्टरांनी मान हलवली आणि फिल्मवर पेन टेकवलं.

"एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस," ते म्हणाले. "एव्हीएन. दाहिना हिप. हड्डी को खून मिलना बंद हो गया, तो हड्डी मर गई. अब बैठ रही है."

मग त्यांनी समजावून सांगितलं, ते माझ्या भाषेत सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाला तरी उद्या हाच शब्द ऐकावा लागेल. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं. ते कंबरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. हा खुबा. त्या चेंडूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अगदी बारीक. त्या बंद पडल्या की आतलं हाड मरतं, ठिसूळ होतं आणि अंगाच्या भारानं चेपतं. माझा चेंडू एका बाजूनं चपटा झाला होता, मलासुद्धा दिसेल इतका.

"रिप्लेसमेंट लगेगा," डॉक्टर म्हणाले.

मला चाळिशीही लागली नव्हती.

आता आधी काय काय झालं ते सांगायला हवं. मी सुधीर. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीत अमरावतीहून रायपूरला आले, आणि आम्ही तात्यापाऱ्यातच राहिलो; पारा म्हणजे इथला मोहल्ला. सरकारी ऑफिसात माझा हुद्दा काय आहे हे पाऱ्यात कोणालाही ठाऊक नाही. मला ओळखतात ते गणपतीच्या महाप्रसादामुळे. आमच्या मराठी घरांची वर्षातली ही सर्वांत मोठी पंगत. सगळे खाली मांडी घालून बसतात, पत्रावळी मांडतात, आणि मी वाढतो. कॉलेजात होतो तेव्हापासून माझ्याकडे वरण आणि कढी. लहान पोरंसुद्धा मला "कढीवाले काका" म्हणतात.

कढी वाढणं सोपं आहे असं ज्याला वाटतं त्यानं एकदा वाढून बघावी. पातळ, कढत. उंचावरून सोडली तर समोरच्याच्या मांडीवर शिंतोडे. म्हणून कंबरेतून पूर्ण वाकायचं, पळी पानाला टेकेपर्यंत खाली न्यायची, बादली दुसऱ्या हातात, आणि पाऊल मागे मागे घेत रांग संपवायची. हे मला जमायचं आणि त्याची मला घमेंड होती. अजूनही आहे.

अशाच एका महाप्रसादाला, रांगेच्या मधोमध, उजव्या जांघेत कळ आली. बादली हिंदकळली, पण सांडली नाही. मला वाटलं, नस चढली. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखायला लागला आणि मग तो दुखतच राहिला.

इथेच आम्ही सगळे फसलो. गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याला तेल, गुडघ्याला पट्टा, गुडघ्याचा एक्स-रे. एक्स-रे स्वच्छ. "वजन कम करो," म्हणून बूढापाऱ्यातल्या दवाखान्यातून परत. वर्ष गेलं. मला काय ठाऊक, खुब्याचं दुखणं बरेचदा गुडघ्यात बोलतं! डॉक्टर म्हणाले, असे पेशंट त्यांच्याकडे नेहमी येतात, गुडघ्याची फाइल घेऊन. तर मंडळी, गुडघ्याचा एक्स-रे चांगला येऊनही दुखणं जात नसेल, जांघेत कळ येत असेल, तर खुबाही दाखवा. आणि घरच्या घरी एकदा मांडी घालून बघा.

खुबा बिघडला की आधी मांडी जाते. दुसरा कोणी असता तर त्याला पहिल्याच पंगतीत कळलं असतं. पण वाढपी पंगतीत बसतच नाही. सगळ्यांचं झालं की बल्लवाच्या शेगडीपाशी, उलट्या डब्यावर टेकून, उरलंसुरलं खातो. मी इतकी वर्षं डब्यावरच जेवलो. त्यामुळे माझी मांडी कधी गेली ते मलाही कळलं नाही.

कळलं ते आईच्या सत्तरीच्या सत्यनारायणाला. मी आणि वैशाली पाटावर बसलो. म्हणजे वैशाली बसली. माझा उजवा पाय दुमडेचना. गुडघा जमिनीपासून वर, टणक. शेवटी मी तो सरळ लांब केला, तर तो नेमका देवाकडे. गुरुजी म्हणाले, "यजमान, पाय आत घ्या." मी पाटासकट तिरपा झालो. मग पाय गुरुजींकडे. आई मागून करवादली, "सुध्या, नीट बस नं! काय नाटकं करून राहिला?" मी घामाघूम होतो. वैशालीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कथा संपेपर्यंत ती माझ्याच तोंडाकडे पाहत राहिली. त्याच आठवड्यात तिनं हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

हे दुखणं मला का झालं, हे कोणीच छातीठोकपणे सांगितलं नाही. दारूनं होतं, स्टेरॉइडनं होतं, कधी कारण सापडतच नाही. कोरोनात मी अत्यवस्थ होतो तेव्हा मला स्टेरॉइड दिली होती. "हो सकता है, पक्का नहीं बोल सकते," डॉक्टर म्हणाले. त्या औषधानं जीव वाचला होता, त्यामुळे त्याच्यावर राग धरणं मला जमलं नाही. नातेवाइकांनी मात्र इंटरनेटवर पहिलं कारण वाचलं आणि तिथेच थांबले. अमरावतीच्या काकांचा फोन आला, "सुध्या, खरं सांग. घेतोस का?" आईनं माझ्या हातातून फोन ओढला. "भाऊजी, माहा पोट्टा कढीबिगर काहीच पेत नाही!" त्यानंतर त्या बाजूनं पुन्हा चौकशी आली नाही.

आता ऑपरेशन करायचं की थांबायचं? "एवढ्या लहान वयात?" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की पुढे पुढे समोरच्याचं तोंड उघडायच्या आतच मी मान डोलवायचो. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. कृत्रिम सांधा वर्षानुवर्षं चालतो, पण जन्मभर टिकेलच असं नाही. तरुण माणसाला तो पुढे पुन्हा बदलावा लागू शकतो, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्याहून अवघड. डॉक्टरांनी हे लपवलं नाही. पण मी "थोडं थांबू का?" म्हणालो तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "साठ की उमर के लिए हिप बचाके रखोगे, और तब तक क्या करोगे? बैठे रहोगे? बैठ भी तो नहीं पा रहे हो."

मी मग माझा खरा प्रश्न विचारला. "डॉक्टरसाहब, बाद में झुकके परोस सकूंगा?"

"कैटरिंग का काम है?"

"नहीं. गणपती में परोसता हूं."

ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. म्हणाले, "चलोगे, सीढ़ी चढ़ोगे, गाड़ी चलाओगे. लेकिन ज़मीन पे नहीं बैठना, और कमर से उतना नीचे नहीं झुकना. जोड़ निकल सकता है." प्रत्येक पेशंटला वेगळी बंधनं असतात, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच तुम्ही ऐका. मला मात्र हे सांगितलं गेलं.

घरी जाताना स्कूटर वैशाली चालवत होती. मला सीटवर दोन्हीकडे पाय टाकून बसता येत नव्हतं, खुबा तेवढा उघडतच नव्हता. म्हणून मी तिच्यामागे एका बाजूला पाय सोडून, तिचा खांदा धरून. बूढ्या तलावाजवळ मी तिला थांबवलं. तिथल्या कठड्याला टेकलो आणि मला रडू फुटलं. म्हटलं, "आता मी कोणत्या कामाचा राहिलो?"

वैशाली वर्ध्याची आहे. तिला फार वेळ कोणाचं रडणं बघवत नाही. "तुम्हाले धड चालता येऊन नाही राहिलं, अन् तुम्हाले कढीची पडली! पोट्टीच्या शाळेचा जिना चढता येत नाही म्हणून मागच्या पालकसभेले तुम्ही खाली उभे होते. ते आठवते का?" आठवत होतं. मी वॉचमनशी गप्पा मारत उभा होतो आणि लेकीनं, ईशानं, वरून खिडकीतून हात केला होता. मी डोळे पुसले आणि ऑपरेशनची तारीख ठरवू म्हणालो.

होळी होऊन गेल्यावर ॲडमिट झालो. त्या वेटिंग रूममध्ये मी सर्वांत तरुण. जो येई तो विचारी, "किसको लेके आए हो?" आई हट्टानं बरोबर आली होती. वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन थेट तिच्यासमोर. "बैठो माताजी." आई उखडली. "अरे भैया, मेरे को काहे को बिठा रहे? पेशंट ये है ना!" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मी बसलो आणि सत्तर वर्षांची आई शेजारून ताडताड चालत आली.

ऑपरेशनच्या सकाळी मी घाबरलो होतो. थिएटरच्या दारात एक सिस्टर होती, धमतरीकडची. तिनं माझा हात धरला आणि छत्तीसगढीत म्हणाली, "झन डरा भैया." घाबरू नका. मी म्हटलं, "हव."

भूल स्पायनल होती. म्हणजे पाठीच्या मणक्यात सुई देऊन कंबरेखालचं सगळं बधिर करतात. वर गुंगीचं औषध. मधूनच जाग आली तेव्हा ठोकल्याचा आवाज येत होता, घरात सुतार लागल्यासारखा. कोणीतरी म्हणालं, "बढ़िया बैठ गया." दुखत काहीच नव्हतं. मी पुन्हा झोपलो.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आल्या. फिजिओथेरपिस्ट म्हणजे व्यायाम देऊन चालायला शिकवणारे. "चलो भैया, खड़े होते हैं." मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी वॉकर पुढे ठेवला, कसं उठायचं ते सांगितलं, आणि मी उभा राहिलो. जखम ठणकत होती. टाके ओढत होते. पण जांघेत खोलवर जे वर्ष-दीड वर्ष कुरतडत होतं, ते नव्हतं. मी वजन टाकून बघितलं. नव्हतं! "दुख रहा है?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हां, लेकिन वो वाला नहीं." त्या म्हणाल्या, सगळे हेच सांगतात. त्या क्षणी मला जे हलकं वाटलं ते अजून अंगात आहे.

दवाखान्यातलं सर्वांत कठीण काम मला कोणतं वाटलं असेल, तर पडून राहून वाढून घेणं. ताटातली डाळ गार, भाताच्या आधी खीर. वाढणाऱ्या भैयाला दोन शब्द शिकवावेत म्हणून मी तोंड उघडलं, तर वैशालीनं डोळे मोठे केले. मी गुपचूप खीर खाल्ली.

घरी आल्यावर नियमांचं राज्य सुरू झालं. पाय एकमेकांवर टाकायचे नाहीत. खुर्ची उंच, कमोड उंच, झोपताना दोन पायांमध्ये उशी. खाली पडलेलं उचलायचं नाही. मोजे वैशालीनं घालायचे. हे नियम पाळून घ्यायची जबाबदारी ईशानं स्वतःकडे घेतली. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. "पापा, पैर! फिजिओ दीदी ने क्या बोला था?" दिवसभर हेच. आईला एकच खंत, मी तिच्या पाया पडू शकत नाही याची. तीही तिनंच मिटवली. "उभ्यानंच हात जोड. देवालेही तसंच चालते."

वॉकर गेला, काठी आली. मग सकाळच्या वेळी काठीशिवाय तलावाच्या कडेनं फिरू लागलो. हे सगळं सुरळीत झालं, असं वाचून तुम्हाला वाटेल हा माणूस सोपं करून सांगतोय. मध्ये एक आठवडा पाय सुजला आणि मी सगळ्यांवर खेकसलो. रक्ताची गुठळी तर नाही ना, म्हणून सोनोग्राफीसारखी डॉप्लर तपासणी झाली. तशी काही नव्हती. चिडचिड, कंटाळा, रडू, सगळं होतं. होऊ द्या. व्यायाम तेवढा चुकवू नका.

आणि भाद्रपद आला.

महाप्रसादाच्या दिवशी मी गेलो तेव्हा पंगती मांडून झाल्या होत्या. स्वयंपाकाची सगळी सूत्रं प्रकाशभाऊंकडे असतात. गुढियारीच्या बाजारातून तांदळाचं पोतं आणण्यापासून कढीच्या फोडणीपर्यंत. त्यांनी मला बघितलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "तू तिकडं बस. आज तू पाहुणा."

भिंतीलगत टेबलांची रांग होती. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी. सगळी पांढरी डोकी. मधली खुर्ची मला मिळाली, शेजारी ऐंशीच्या घरातल्या नलूकाकू. "तुहे किती बदलले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एक खुबा." "माहे दोन्ही गुडघे," त्या अभिमानानं म्हणाल्या. "तू तर लहान आहेस. तुहे गुडघे बाकीच आहेत अजून."

मी हसलो. समोर खाली रांगा भरत होत्या. पोरं बादल्या घेऊन वाकत होती, मागे सरकत होती. कढी उंचावरून सोडत होती, ते मला दिसत होतं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पानावर बसलो होतो, आणि उठून घरी जावंसं वाटत होतं.

भात आला. पानापानावर मूद पडली. खालच्या सगळ्या रांगांना वरण मिळालं, वर तूप मिळालं. आमच्या टेबलांकडे कोणी फिरकेना. वाढपी रांगेच्या टोकाशी पोचला की वळून पुन्हा खालच्याच रांगेला लागे. वाकण्याच्या भरात त्याला वरचं दिसतच नव्हतं. नलूकाकू कोरड्या भाताकडे बघत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पंगतीत ओरडून मागायची आमच्याकडे रीत नाही. "दरवर्षीच असं होते," काकू हळूच म्हणाल्या. "आम्हाले वाढतात, पण शेवटी."

खाली जेवणं सुरू व्हायची वेळ झाली होती. माझा हात अजून कोरडा होता. उष्ट्या हातानं वाढता आलं नसतं. मी काकूंना म्हटलं, "माझं पान सांभाळा," आणि उठलो.

प्रकाशभाऊ म्हणाले, "अरे, तुले वाकायचं नाही न?"

"टेबलाले काहून वाकायचं?"

त्यांनी एकदा टेबलांकडे बघितलं. मग बादलीतलं अर्धं वरण काढून घेतलं आणि ती हलकी बादली माझ्या हातात दिली.

टेबल बरोबर कंबरेएवढं. मान ताठ, पाठ ताठ, आणि तरी पळी थेट पानापर्यंत पोचते. मी रांगेच्या सुरुवातीपासून लागलो. मग तूप. मग पुरणपोळी. मग कढी, एक शिंतोडा न उडवता. दुसरा फेर, तिसरा फेर. नलूकाकूंनी माझ्या पानावर दुसरी पत्रावळ पालथी घालून ठेवली होती आणि त्या कढी ओरपत होत्या. "अजून घाल," म्हणत होत्या. "इतकी गरम मले कधी भेटलीच नाही."

सगळ्यांचं आटोपल्यावर मी माझ्या पानावर बसलो. वैशालीनं मला वाढलं. मी तिला एकदाही काही शिकवलं नाही.

ज्यांनी कापलं आणि जोडलं ते डॉक्टर, हात धरणारी सिस्टर, उभं करणाऱ्या त्या दीदी, भांडणारी आई, मोजे घालणारी बायको, पायांवर पहारा ठेवणारी पोरगी, या सगळ्यांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते फिटायचं नाही. आणि तुम्ही, जे लहान वयात हे ऑपरेशन करावं की नको म्हणून ही फाइल, ती फाइल घेऊन फिरत आहात, त्यांना मी एवढंच सांगेन: डॉक्टरांना सगळं विचारा, मनातला वेडगळ प्रश्नसुद्धा विचारा. पण नुसतं वय लहान म्हणून दुखणं सांभाळत बसू नका.

दुपारी उन्हात आम्ही महाप्रसादाहून पायीच घरी निघालो. वैशालीच्या हातात प्रसादाचा डबा होता. ती मला आज एकदाही बसा म्हणाली नव्हती, याचं मला नवल वाटत होतं. कोपऱ्यावर वळताना तिनं विचारलंच.

"दुखते का पाय?"

मी म्हटलं, "कोणता?"

ती रस्त्यातच थांबली. डबा छातीशी धरून आधी हसायला लागली, मग रडायला. आणि मी तिथे उभा राहून, खरंच, कोणता ते आठवत होतो.